तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि भरपाईचा दावा: कोणत्या दारात किती खर्च?

गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या बायकांना मेंदूच्या आवरणाची गाठ झाली, कंपनीवर खटले चालू आहेत, तुम्हीही भरपाई मागा, अशा आशयाच्या अमेरिकी जाहिराती आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरत असतात. हेच औषध आपल्याकडे ‘अंतरा’ या नावाने सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि ‘डेपो-प्रोव्हेरा’सारख्या नावांनी मेडिकलमध्ये विकत मिळते. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या वारूळवाडी, नारायणगाव, मंचर, घोडेगाव भागात हे इंजेक्शन घेतलेल्या बाईला दोन प्रश्न पडणे साहजिक आहे. मला दावा करता येईल का? आणि करायचा तर किती पैसे लागतील?

थोडक्यात उत्तर असे. कोर्टाची फी हा या प्रकरणातला सगळ्यात लहान खर्च आहे, बऱ्याचदा तो शून्यच असतो. खरा खर्च पुरावे जमवण्यात आणि हेलपाट्यांत होतो. आणि कोणाकडे दाद मागायची हे ठरते एका साध्या गोष्टीवरून: इंजेक्शन फुकट घेतले होते की पैसे देऊन?

आधी औषध समजून घ्या

औषधाचे नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असिटेट. 150 मिलिग्रॅमचा डोस दंडात किंवा कमरेत, दर तीन महिन्यांनी. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात ते 2017 पासून आहे. पाळी अनियमित होणे, मध्येच अंगावर जाणे, पुढे पाळी बंद होणे, वजन वाढणे हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हाडांची घनता कमी होते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये वेष्टनावर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला: दुसरा उपाय चालत असेल तर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ घेऊ नये.

गाठीचा मुद्दा नंतरचा. मार्च 2024 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात फ्रान्समधला अभ्यास आला. मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या गाठीची, शस्त्रक्रिया झालेल्या 18,061 बायकांची औषधे त्यात तपासली होती. हे इंजेक्शन एक वर्षाहून जास्त काळ घेतलेल्यांमध्ये अशा गाठीची शक्यता साधारण साडेपाच पट दिसली. आकडा ऐकून धडकी भरते, पण याच अभ्यासातली दुसरी बाजूही वाचा: त्या 18,061 जणींपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या फक्त 9 होत्या. गाठ मुळातच दुर्मीळ आहे. धोका वाढतो, पण एकुणात तो लहानच राहतो. युरोपच्या औषध नियामकाने 2024 मध्येच माहितीपत्रकात हा इशारा घालायला सांगितले.

तेव्हा घाबरून पुढचा डोस परस्पर चुकवू नका. नको असलेले गरोदरपण हा धोकाही खराच आहे. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून तांबी, छाया गोळी किंवा दुसरा उपाय ठरवा आणि मग इंजेक्शन बंद करा. सतत वाढणारी डोकेदुखी, नजर अंधुक होणे, कानात आवाज येणे किंवा कमी ऐकू येणे, फिट येणे यांपैकी काही असेल तर मात्र दाव्याचा विचार नंतर, आधी तपासणी. मेंदूच्या एमआरआयला खासगी केंद्रात साधारण पाच ते दहा हजार रुपये पडतात. गाठ निघालीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत न्यूरोसर्जरी येते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

अमेरिकेतला खटला तुमचा आहे का?

जवळजवळ नाहीच. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथले फायझर कंपनीविरुद्धचे दावे फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या फेडरल न्यायालयात एकत्र केले गेले. ते दावे अमेरिकेत इंजेक्शन घेतलेल्या बायकांचे, तिथल्या कायद्याखालचे आहेत. कंपनीने धोका लपवला असे बायकांचे म्हणणे. आम्ही इशारा छापायची परवानगी मागितली होती, सरकारी यंत्रणेनेच ती नाकारली, असे कंपनीचे. तुमची मुलगी किंवा भाची तिकडे असताना इंजेक्शन घेत असेल तर तिने तिथला वकील गाठावा. वारूळवाडीत घेतलेल्या इंजेक्शनसाठी ‘अमेरिकेच्या केसमध्ये नाव नोंदवतो, हजार रुपये द्या’ असे कोणी म्हणत असेल तर समजा की फसवणूक आहे.

दुसरी खूणगाठ बांधून ठेवा. अमेरिकेत वकील ‘जिंकलो तर भरपाईतला तिसरा हिस्सा माझा’ असा करार करतात. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटा घेता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. म्हणून ‘आत्ता काही नको, मिळाले की निम्मे द्या’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आपल्याकडे हा वाद नवा नाही

1980 च्या दशकात हैदराबादजवळ पटनचेरू इथल्या आरोग्य केंद्रात ‘नेट-एन’ या अशाच इंजेक्शनची चाचणी चालली होती. आपल्यावर चाचणी होते आहे हे बायकांना सांगितलेलेच नव्हते, म्हणून स्त्री शक्ती संघटना आणि इतर गटांनी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. डेपो-प्रोव्हेराला 1993 मध्ये भारतात विक्रीची परवानगी मिळाली, तेव्हाही महिला गटांनी विरोध केला. नेट-एनचे प्रकरण 2000 मध्ये मिटले ते सरकारच्या हमीवर: समुपदेशन आणि पाठपुराव्याची पुरेशी सोय असेल तिथेच इंजेक्शन दिले जाईल. त्याच वर्षी डॉ. सी. सत्यमाला यांनी डेपो-प्रोव्हेराच्या दुष्परिणामांची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. ते पुण्याच्या मेडिको फ्रेंड सर्कलने मुंबईच्या एका महिला आरोग्य गटासोबत प्रकाशित केले.

आजच्या ग्राहकाला या इतिहासाचा उपयोग असा: भारतात या विषयावरची लढाई ‘औषधाने गाठ झाली’ या मुद्द्यापेक्षा ‘आम्हाला सांगितले नाही, तपासले नाही’ या मुद्द्यावर लढली गेली. तुमच्या दाव्यातही हाच भाग बळकट असतो. गाठ याच इंजेक्शनमुळे झाली हे एका बाईच्या बाबतीत सिद्ध करणे फार अवघड आहे. पण रक्तदाब न मोजता, बाळंतपणाला सहा आठवडे व्हायच्या आत अंगावर पाजणाऱ्या बाईला, किंवा स्तनाच्या कर्करोगाची माहिती न विचारता इंजेक्शन दिले असेल तर ते कागदावरून दाखवता येते.

पहिला कागद: अंतरा कार्ड

सरकारी केंद्रात इंजेक्शन घेणाऱ्या बाईला एक कार्ड मिळते. त्यात डोसच्या तारखा आणि पुढची तारीख असते. हे कार्ड म्हणजे तुमच्या दाव्याचा कणा आहे. किती डोस झाले, किती वर्षे झाली, मध्ये खंड पडला का, हे सगळे त्यावरून कळते. त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. खासगीत घेतले असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचे पक्के बिल आणि शक्य असेल तर बाटलीवरचा बॅच नंबर जपा. बिल नाही, कार्ड नाही, अशा वेळी इंजेक्शन घेतले हेच सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

फुकट घेतले असेल तर

वारूळवाडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र, नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय इथे 15 ऑगस्ट 2023 पासून सगळेच उपचार मोफत आहेत. रुग्णाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, पण दाव्याच्या बाबतीत एक दार बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितले की, जिथे सर्वांना सेवा मोफत मिळते तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. आम्ही कर भरतो, हा युक्तिवादही चालत नाही. म्हणजे ग्राहक आयोगात जाता येत नाही. मग पुढचे रस्ते उरतात.

पहिला, लेखी तक्रार. खर्च शून्य. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेखाली येते, म्हणून तक्रार तालुका आरोग्य अधिकारी आणि पुण्याच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. नारायणगाव किंवा मंचरच्या रुग्णालयाची तक्रार औंधच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्रतीवर पोच घ्या.

दुसरा, माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, झेरॉक्सला पानामागे 2 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. तुमच्या नोंदी, समुपदेशनाची नोंद, त्या वेळच्या औषधसाठ्याचा बॅच नंबर मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. नाही आले तर पहिल्या अपिलाला 20 रुपये.

तिसरा, दिवाणी दावा. इथे मुदतीकडे डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जिल्हा परिषदेविरुद्ध वेगळी नोटीस आणि बरीच आखूड मुदत लागू होऊ शकते. म्हणून त्रास कळल्यावर महिन्याभरात वकिलाला विचारलेले बरे. दिवाणी कोर्टाची फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात असते, पण विधी सेवा समितीमार्फत गेलात तर ती तुम्हाला भरावी लागत नाही.

सरकारी दवाखान्याविरुद्ध कधी पैसे मिळालेच नाहीत असे नाही. हरियाणातल्या एका मजूर बाईची नसबंदी फसली, मूल झाले. दिवाणी कोर्टाने तिला दिलेली 54,000 रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये कायम ठेवली. मात्र 2005 मध्ये पंजाबच्या शिवराम प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की उपाय फसला एवढ्यावर डॉक्टरचा निष्काळजीपणा ठरत नाही. नसबंदीसाठी सरकारची वेगळी भरपाई योजना आहे. इंजेक्शन त्यात बसत नाही.

पैसे देऊन घेतले असेल तर

नारायणगावच्या खासगी दवाखान्यात फी देऊन इंजेक्शन घेतले, तर तुम्ही ग्राहक आहात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, कंपनी मुंबईची असो की परदेशातली. मुदत दोन वर्षे.

फीचा हिशेब इथे नीट समजून घ्या. आयोगाची फी तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, तर औषधासाठी आणि सेवेसाठी किती मोजले यावर ठरते. ही रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे काही शे रुपयांचे इंजेक्शन आणि डॉक्टरांची फी मिळून जे झाले त्यावर 10 लाखांची भरपाई मागितली तरी प्रवेश फुकट. मोजलेली रक्कम 5 ते 10 लाख असेल तर 200 रुपये, 10 ते 20 लाख असेल तर 400, 20 ते 50 लाखांपर्यंत 1,000. ही पद्धत योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये मान्य केले.

तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी अशी विनंतीही करता येते. सोबत शपथपत्र, बिले, चिठ्ठ्या आणि नोंदी लागतात. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15 दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, नमुना प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त काळ जातो, हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब करा.

कोणावर दावा? याच कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे प्रकरण आहे. धोक्याचा पुरेसा इशारा दिला नाही तर कंपनीला जबाबदार धरता येते. पण कलम 87 मध्ये तिला पळवाट आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे औषध असेल आणि कंपनीने डॉक्टरांना इशारा दिला असेल, तर कंपनी सुटते. मग प्रश्न डॉक्टरांकडे वळतो. तुम्हाला कळेल अशा भाषेत धोका सांगितला होता का? म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करायचे की नाही, हे वकिलाशी बोलून ठरवा.

खासगी डॉक्टरांकडून नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. मागितल्यापासून 72 तासांत त्या द्यायला हव्यात, आणि डॉक्टरांवर नोंदी तीन वर्षेच ठेवण्याचे बंधन आहे. उशीर केलात तर कागद रद्दीत गेलेले असतील.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितले. पण गाठ आणि इंजेक्शन यांचा संबंध दाखवायचा असेल तर न्यूरोसर्जनचे लेखी मत लागेल, आणि ते मिळवणे हा या वाटेवरचा सगळ्यात मोठा खर्च ठरू शकतो. निव्वळ संमतीचा आणि तपासणीचा मुद्दा असेल तर हा खर्च वाचण्याची शक्यता असते.

बायकांना वकील फुकट

ही गोष्ट गावात फार थोड्यांना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 खाली कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. वकिलाची फी, कोर्टाची फी, समन्सचा खर्च, कागदपत्रांच्या प्रती, सगळे त्यात येते. जुन्नर तालुक्यासाठी जुन्नरच्या न्यायालयात आणि आंबेगावसाठी घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. आधार कार्ड, अंतरा कार्ड आणि घडलेल्या गोष्टी तारखेवार लिहिलेला एक कागद घेऊन जा. फोनवर विचारायचे असेल तर 15100.

स्वतःचा वकील लावायचा असेल तर ठरलेला सरकारी दर नाही. फी तारखेमागे की पूर्ण कामाची, टायपिंग-झेरॉक्स त्यात की वेगळे, पुण्याच्या फेऱ्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी विचारा आणि लिहून घ्या.

दोन हिशेब

समजा, एका बाईने वारूळवाडीच्या केंद्रात दोन वर्षे अंतरा घेतले आणि पहिल्या डोसआधी रक्तदाबही मोजला नाही असे तिचे म्हणणे आहे.

- लेखी तक्रार: 0 रुपये
- माहिती अधिकार अर्ज आणि 20 पाने: 50 रुपये
- विधी सेवेचा वकील आणि कोर्ट फी: 0 रुपये
- जुन्नरच्या फेऱ्या: एसटीत महिलांना निम्मे तिकीट
- बुडालेला रोज: हा खर्च कोणी मोजत नाही, तुम्ही मोजा

समजा, दुसरीने खासगीत घेतले आणि तिच्याकडे बिले आहेत.

- आयोगाची फी: 0 रुपये
- नोटीस स्पीड पोस्टने, झेरॉक्स, शपथपत्र, नोटरी: काही शे रुपये
- एमआरआय लागलाच तर: पाच ते दहा हजार
- तज्ज्ञाचे मत: आधी विचारून, लागणारच असेल तर
- वकील: विधी सेवेचा घेतला तर 0
- पुण्याच्या फेऱ्या: नारायणगावहून सुमारे 75 किलोमीटर, एसटीत निम्मे तिकीट

किती मिळेल?

अमेरिकेतले आकडे डोळ्यांसमोर ठेवू नका. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या संमतीचे नियम घालून दिले. संमतीशिवाय गर्भाशय काढलेल्या त्या बाईला मिळाले 25,000 रुपये आणि डॉक्टरची फी माफ. भरपाईची रक्कम मुख्यतः उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि कायमचे अपंगत्व यांवरून ठरते. म्हणून औषधाची, तपासणीची, गाडीभाड्याची प्रत्येक पावती ठेवा. शेतमजुरी करणाऱ्या बाईने किती दिवस काम बुडाले हे वहीत तारखेसह लिहावे.

दावा करा अथवा करू नका, एवढे कराच

भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर दुष्परिणामाची नोंद करा. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, डॉक्टरांची सही लागत नाही, पैसे लागत नाहीत. अशा नोंदीने भरपाई मिळत नाही, पण आपल्या देशात इशारा छापायचा की नाही हे ठरवणाऱ्यांपुढे पुरावा साचतो. मेडिकलमधून घेतलेल्या औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि ज्यांचे इंजेक्शन चालू आहे त्यांनी पुढच्या तारखेला जाताना हे करावे: रक्तदाब मोजायला सांगावा, आकडा कार्डावर लिहून घ्यावा, दोन वर्षे झाली असतील तर दुसरा उपाय विचारावा, आणि ‘याचे धोके काय’ हा प्रश्न सिस्टरांना तोंडावर विचारावा. उत्तर मिळाले तर तुमचा फायदा. नाही मिळाले तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि काय बोलणे झाले ते वहीत लिहून ठेवावे. दाव्याची वेळ आलीच तर अंतरा कार्डानंतर हाच कागद कामाला येईल.